आधी कोण कोणाला काढणार?

मंगळवार, ११ नोव्हेंबर १९७५. दुपारी एकच्या सुमारास ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम कॅनबेरातल्या यारालुमला या गव्हर्नर जनरलच्या, म्हणजे ब्रिटनच्या राणीच्या तिथल्या प्रतिनिधीच्या, निवासस्थानी पोचले. सेनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, निम्म्या जागांची निवडणूक घ्यावी, असा सल्ला देणारा कागद त्यांनी बरोबर आणला होता. विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर त्याच वाड्यातल्या दुसऱ्या खोलीत आधीच येऊन बसले होते. त्यांची गाडी येणाऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून बाजूला नेऊन लावली होती. व्हिटलमना याचा पत्ता नव्हता. गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांनी त्यांच्या हातात बडतर्फीचं पत्र ठेवलं आणि ते बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमलं.

व्हिटलम घरी गेले, जेवायला बसले आणि जवळच्या सहकाऱ्यांना बोलावून घेतलं. सेनेटमधल्या आपल्या माणसांना मात्र काही कळवायचं राहून गेलं. विरोधकांनी १६ ऑक्टोबरपासून सरकारी खर्चाची विधेयकं सेनेटमध्ये अडवून धरली होती. त्या दुपारी व्हिटलम यांच्या मजूर पक्षाच्या सेनेटरांनी ती नेहमीप्रमाणे पुन्हा मांडली आणि विरोधकांनी मुकाट्याने मंजूर होऊ दिली. आपण जिंकलो, असं मजूर पक्षाच्या बाकांवर क्षणभर वाटलं असेल. प्रत्यक्षात त्यांनी स्वतःच्या हाताने फ्रेझर सरकारला तिजोरीची किल्ली दिली होती. तेव्हा दुपारचे अडीचही वाजले नव्हते.

कनिष्ठ सभागृहात व्हिटलम यांचं बहुमत शाबूत होतं. सव्वातीनच्या सुमारास तिथे फ्रेझर यांच्यावर ६४ विरुद्ध ५४ मतांनी अविश्वास व्यक्त झाला आणि व्हिटलम यांना पुन्हा बोलवावं, असं सभागृहाने सांगितलं. हा ठराव घेऊन सभापती गॉर्डन स्कोल्स यांनी गव्हर्नर जनरलची वेळ मागितली. मिळाली ती पावणेपाचची. तोवर संसद बरखास्त करणाऱ्या कागदावर सही होऊन गेली होती. गव्हर्नर जनरलच्या सचिवाने संसद भवनाच्या पायऱ्यांवर घोषणापत्र वाचलं, शेवटी प्रथेप्रमाणे ‘देव राणीचं रक्षण करो’ म्हटलं. मागे उभे असलेले व्हिटलम पुढे आले आणि म्हणाले, राणीचं रक्षण करो असं म्हणायला काहीच हरकत नाही, कारण गव्हर्नर जनरलला आता कोणीही वाचवू शकणार नाही.

कर यांना तो अधिकार होता की नव्हता, यावर ऑस्ट्रेलियात पन्नास वर्षं वाद चालू आहे. माझ्या मते हा वादाचा मुद्दाच नाही. ऑस्ट्रेलियन राज्यघटनेच्या कलम ६४ प्रमाणे मंत्री गव्हर्नर जनरलची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. अधिकार कागदावर होताच. विचारायला हवं ते वेगळंच. न्यू साउथ वेल्सचे सरन्यायाधीश राहिलेला, कायद्यात मुरलेला माणूस आपल्याच पंतप्रधानाशी असा दबा धरून का वागला? कर यांचा भिडस्त किंवा कावेबाज स्वभाव हे उत्तर सोपं आहे आणि व्हिटलमच्या चाहत्यांना ते आवडतंही. मला मात्र दोष त्या पदाच्या रचनेत दिसतो. ज्याच्यावर अंकुश ठेवायचा, त्याच्याच एका शब्दावर राजप्रतिनिधीची नोकरी अवलंबून असते. आणि गंमत अशी की, ही रचना लोकशाही वाढवायच्या नादात तयार झाली.

तिसरे चार्ल्स आज ब्रिटन सोडून आणखी १४ देशांचे राजे आहेत. त्यातल्या प्रत्येक देशात त्यांच्या वतीने गव्हर्नर जनरल बसतो. कॅनडाच्या प्रांतांत लेफ्टनंट गव्हर्नर आणि ऑस्ट्रेलियाच्या राज्यांत गव्हर्नर असतात ते वेगळे. टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या, नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मराठी मंडळींनी राजा चार्ल्स (२०२२ पर्यंत राणी एलिझाबेथ) आणि त्यांच्या वारसांशी निष्ठेची शपथ घेतलेली असते. ऑस्ट्रेलियात ही शपथ १९९४ पासून राजाचं नाव न घेता होते. एके काळी हे प्रतिनिधी लंडनचं सरकार निवडायचं, म्हणजे ते राजापेक्षा ब्रिटिश मंत्रिमंडळाचेच मुनीम असत. १९२६ च्या साम्राज्य परिषदेत ठरलं की गव्हर्नर जनरल हा राजाचा प्रतिनिधी आहे, ब्रिटिश सरकारचा नाही. त्यानंतर नेमणूक त्या त्या देशाच्या पंतप्रधानाच्या सल्ल्याने होऊ लागली. १९३१ साली पाचव्या जॉर्जच्या मनात नसतानाही ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी सर आयझॅक आयझॅक्स हे पहिले ऑस्ट्रेलियात जन्मलेले गव्हर्नर जनरल नेमून घेतले. चांगलंच झालं. पण नेमणूक ज्याच्या सल्ल्याने, हकालपट्टीही त्याच्याच सल्ल्याने, हे ओघाने आलं. १९३२ मध्ये आयर्लंडच्या डी व्हॅलेरांनी जेम्स मॅकनील यांना असंच घरी पाठवलं आणि राजाला मान डोलावण्यापलीकडे काही करता आलं नाही.

कर यांना हे चांगलं माहीत होतं. १६ ऑक्टोबर १९७५ ला, सेनेटने विधेयकं रोखली त्याच दिवशी, मलेशियाच्या पंतप्रधानांसाठी यारालुमलात रात्रीचं जेवण होतं. तिथे व्हिटलम हसत हसत म्हणाले की आता राणीकडे आधी कोण पोचतं हा प्रश्न आहे: तुम्हाला परत बोलवा असं सांगायला मी, की मला बडतर्फ करून तुम्ही. कर यांनी पुढे हा प्रसंग स्वतः नोंदवला. व्हिटलम थट्टेच्या सुरात बोलले असतील. नोकरी जायची भीती असलेल्या माणसाला अशी थट्टा कळत नाही. आपल्याला परत बोलावलं तर काय, ही चिंता त्यांनी राजवाड्याच्या कानावर आधीच घातली होती. राणीचे खासगी सचिव मार्टिन चार्टरिस यांनी त्याच महिन्यात त्यांना कळवलं होतं की राणीला ते अजिबात रुचणार नाही, पण शेवटी पंतप्रधानाचा सल्ला मानण्यावाचून तिला गत्यंतर नसेल. ही पत्रं दडवून ठेवलेली होती. इतिहासकार जेनी हॉकिंग यांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, २०२० च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि जुलैत पत्रं खुली झाली. बडतर्फीच्या दिवशीच्या पत्रात कर लिहितात की राणीला आधी कळवलं नाही, ते तिने अनभिज्ञ राहणंच बरं म्हणून.

म्हणजे राणीलाही आधी सांगितलं नाही, पंतप्रधानालाही नाही, आणि सभापतीला ताटकळत ठेवलं. सांगितलं होतं ते सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर गारफील्ड बारविक यांना, ज्यांनी लेखी सल्लाही दिला. आणि, हे तर २०१२ मध्ये उघड झालं, त्याच न्यायालयाचे दुसरे एक न्यायाधीश अँथनी मेसन यांना. घटनात्मक राजाने सल्ला विचारला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि सावध करण्याचा हक्क बाळगावा, ही ब्रिटिश परंपरेतली शिकवण सगळे घोकतात. कर यांनी यातला तिसरा हक्क वापरलाच नाही. सावध केलं असतं तर व्हिटलमनी लंडनला फोन लावला असता, हे त्यांचं गणित. ते गणित चुकीचं होतं असंही छातीठोक म्हणता येत नाही.

कर यांच्या बाजूने एक उत्तर हमखास येतं. १३ डिसेंबरला निवडणूक झाली, फ्रेझर यांना प्रचंड बहुमत मिळालं, १२७ पैकी ९१ जागा. लोकांनीच निकाल लावला, मग तक्रार कसली? तक्रार अशी की मतपत्रिकेवर व्हिटलम आणि फ्रेझर यांच्यातून निवड होती, कर यांच्या पद्धतीवर मत मागितलं नव्हतं. व्हिटलम सरकार तेव्हा बदनामच होतं. भलतीकडून परदेशी कर्ज उभारण्याच्या भानगडीत मंत्र्यांची पदं गेली होती, महागाई होती. ते सरकार पुढच्या निवडणुकीत पडलंच असतं. पण जे पडणारच आहे ते ढकलून दिलं तरी चालतं, हा न्याय एकदा मान्य केला की मग निवडणुकीच्या तारखा लोकमताच्या चाचण्यांवरून ठराव्यात. शिवाय तिजोरीत पैसे जवळपास नोव्हेंबरअखेरपर्यंत पुरतील इतके होते. ख्रिसमसच्या आत निवडणूक घ्यायची तर ११ नोव्हेंबरलाच निर्णय हवा होता, हा कर यांच्या समर्थकांचा मुद्दा मी मानतो. तरी त्याच सकाळी व्हिटलमना ‘सार्वत्रिक निवडणुकीचा सल्ला द्या, नाहीतर संध्याकाळी मी तुम्हाला दूर करीन’ असं सरळ सांगायला कॅलेंडरची आडकाठी नव्हती.

या शर्यतीचं सगळ्यात उघडंवाघडं रूप पाहायचं तर पॅसिफिकमधल्या तुवालू या इवल्याशा देशात जायला हवं. तेव्हा १५ खासदारांची संसद होती. २०१३ मध्ये एका पोटनिवडणुकीनंतर पंतप्रधान विली तेलावी यांचं बहुमत गेलं आणि ते संसद बोलवायलाच तयार होईनात. गव्हर्नर जनरल याकोबा इतालेली यांनी ती बोलावली, तर तिथे अविश्वास ठराव येऊ दिला जाईना. शेवटी १ ऑगस्टला तेलावींनी जाहीर केलं की गव्हर्नर जनरलला काढा असं मी राणीला कळवतो आहे, आणि इतालेलींनी तेलावींना बडतर्फ केलं. काही दिवसांतच संसद भरली आणि नवा पंतप्रधान निवडला गेला. इथे राजप्रतिनिधी जिंकला आणि त्याने जे केलं ते योग्यच होतं असं मला वाटतं. पण टपाल किंवा ईमेल थोडं जलद चाललं असतं तर निकाल उलटा लागला असता. एखाद्या देशाची संसद भरणार की नाही हे अशा योगायोगावर सोपवायचं?

यावर काही जण म्हणतात, मग हे राखीव अधिकार, म्हणजे पंतप्रधानाच्या सल्ल्याविना वापरायचे अधिकार, काढूनच टाका. फीत कापायला, पदकं द्यायला माणूस ठेवा. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण १९३९ च्या सप्टेंबरमध्ये सापडतं. महायुद्ध सुरू झालं तेव्हा एकाच राजाचे तीन प्रतिनिधी तीन ठिकाणी काय करत होते ते पाहा. ओटावात गव्हर्नर जनरलने काहीच स्वतःहून केलं नाही. कॅनडाच्या संसदेत चर्चा झाली, सरकारने सल्ला दिला आणि १० सप्टेंबरला, ब्रिटननंतर आठवड्याने, कॅनडा युद्धात उतरला. दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनमध्ये, पंतप्रधान हर्टझॉग यांना तटस्थ राहायचं होतं. संसदेत ते ६७ विरुद्ध ८० मतांनी हरले, तेव्हा त्यांनी गव्हर्नर जनरल पॅट्रिक डंकन यांच्याकडे संसद बरखास्त करण्याची मागणी केली. डंकन नाही म्हणाले. जेमतेम सव्वा वर्षापूर्वी निवडून आलेल्या त्याच सभागृहात युद्धाच्या बाजूच्या स्मट्स यांना बहुमत होतं, त्यांना सरकार बनवू दिलं. आणि सिमल्यात व्हाइसरॉय लिनलिथगोंनी ३ सप्टेंबरला भारत युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं. कोणत्या विधिमंडळाला विचारलं नाही की कोणत्या नेत्याला.

तिसऱ्या गोष्टीचा परिणाम आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: नोव्हेंबरात मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. खेरांचं सरकार मुळात आलं होतं तेही राज्यपालांच्या अधिकारांवर घासाघीस होऊनच. १९३७ ची निवडणूक जिंकूनही काँग्रेस सत्तेवर बसेना. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत, असं आश्वासन आधी द्या, असा तिचा हट्ट होता. तोवर मुंबईत साताऱ्याच्या सर धनजीशा कूपर यांचं बहुमत नसलेलं मंत्रिमंडळ एप्रिलपासून जुलैपर्यंत चाललं. व्हाइसरॉयने शब्दांची बरीच कसरत करून समजूत घातल्यावर खेर आले. राखीव अधिकारांचं काय करायचं हे आधी बोलून घ्यावं, ही अक्कल आपल्या लोकांना तेव्हा होती.

तर, केपटाउनच्या डंकनना मी चूक म्हणणार नाही. जिवंत सभागृहात दुसरं बहुमत उभं असताना हरलेल्या पंतप्रधानाला निवडणुकीची मुभा देणं म्हणजे सभागृहाचा निकाल पुसून टाकणं. अगदी अलीकडे, २०१७ साली, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हाच प्रश्न आला. ८७ जागांपैकी सत्ताधारी लिबरलांना ४३, न्यू डेमोक्रॅटांना ४१, ग्रीन पक्षाला ३. शेवटच्या दोघांनी हातमिळवणी केली, मुख्यमंत्री क्रिस्टी क्लार्क विश्वासमत हरल्या आणि त्याच संध्याकाळी निवडणूक मागायला लेफ्टनंट गव्हर्नर ज्युडिथ गिशॉन यांच्याकडे गेल्या. गिशॉन यांनी नकार देऊन जॉन हॉर्गन यांना बोलावलं. ४४ विरुद्ध ४३ इतकं काठावरचं ते गणित. लोक म्हणत होते सहा महिने टिकणार नाही. ते तीन वर्षं चाललं. हे अधिकार मोडीत काढले असते तर सभागृहात हरलेल्याने सभागृहालाच घरी पाठवण्याची सोय झाली असती.

अधिकार ठेवायचा, पण तो कुठे वळतो ते पाहायचं. सभागृह किंवा मतदार यांच्याकडे निर्णय परत जातो आहे, की त्यांच्याकडून काढून घेतला जातो आहे? पाकिस्तानात दुसरी गोष्ट झाली आणि ती आपल्या डोळ्यांदेखत झाली. पाकिस्तान १९५६ पर्यंत राजाचं, मग राणीचं अधिराज्य होतं, हे आपण विसरतो. एप्रिल १९५३ मध्ये गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी ख्वाजा नझिमुद्दीन यांना काढलं. नुकताच अर्थसंकल्प मंजूर करून घेतलेल्या, बहुमत असलेल्या पंतप्रधानाला. त्यांच्या जागी अमेरिकेतला राजदूत आणून बसवला. पुढच्या वर्षी त्यांचे अधिकार कमी करू पाहणारी संविधान सभाच त्यांनी बरखास्त केली. सभेचे अध्यक्ष तमीझुद्दीन खान कोर्टात गेले, सिंधच्या न्यायालयात जिंकले आणि १९५५ मध्ये संघ न्यायालयात हरले. कुंपणानेच शेत खाल्लं. तिथे पुढे जे झालं त्याचं सगळं खापर एका माणसावर फोडता येणार नाही, पण सेनापतींना रस्ता कोणी दाखवला हे नाकारताही येत नाही.

आतापर्यंत अति केल्याची उदाहरणं झाली. काहीच न करण्याचंही एक उदाहरण घ्यायला हवं, कारण ते पुन्हा कॅनबेरातलंच आहे. २०२० आणि २०२१ मध्ये पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी आरोग्य, अर्थव्यवहार, उद्योग, गृह आणि कोषागार अशी पाच खाती गुपचूप स्वतःकडेही घेतली. त्या खात्यांचे मंत्री जागेवर होते आणि बहुतेकांना पत्ता नव्हता. कोषागार मंत्री जॉश फ्रायडेनबर्ग तर कोविडच्या काळात मॉरिसन यांच्याच सरकारी बंगल्यात राहायला होते. त्यांनाही कळलं नाही. या सगळ्या नेमणुकांवर गव्हर्नर जनरल डेव्हिड हर्ली यांच्या सह्या होत्या. त्यांच्या कार्यालयाच्या जाहीर होणाऱ्या दैनंदिनीत मात्र यातलं काही आलं नाही. अळीमिळी गुपचिळी. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रकरण फुटलं, तोवर मॉरिसन निवडणूक हरले होते. निवृत्त न्यायमूर्ती व्हर्जिनिया बेल यांनी चौकशी केली, नोव्हेंबरात सभागृहाने मॉरिसन यांची निर्भर्त्सना केली आणि मग नेमणुका जाहीर करण्याची सक्ती करणारा कायदा झाला. हर्ली यांना बेल यांनी दोष दिला नाही: पंतप्रधानाचा सल्ला कायदेशीर होता, तो मानणं भाग होतं.

सही करणं भाग होतं, हे खरं. पण सहीआधी ‘हे राजपत्रात कधी येणार?’ एवढं लेखी विचारायला काय हरकत होती? कर यांनी सावध केलं नाही म्हणून त्यांच्यावर पन्नास वर्षं शिव्यांचा भडिमार होतो. हर्ली यांनी सावध केल्याचीही कुठे खूण नाही, पण त्यांचं सगळं सुखरूप पार पडलं. मला दोन्ही चुका एकाच कुळीतल्या दिसतात. दोन्ही वेळा बंद दाराआड दोन माणसांत काय झालं ते देशाला नंतर कळलं. कॅनडात डिसेंबर २००८ मध्ये स्टीफन हार्पर यांनी अविश्वास ठराव चार दिवसांवर आला असताना संसदेची सत्रसमाप्ती मागितली. गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ यांनी त्यांना दोन तासांहून अधिक थांबवून ठेवलं आणि मग होकार दिला. बाहेर आले ते हार्पर. कारणं त्यांनीच सांगितली, त्यांना हवी ती. जाँ यांची कारणं तेव्हा कोणालाच ऐकायला मिळाली नाहीत. जानेवारीत संसद भरली तेव्हा विरोधकांची आघाडी मोडलेली होती.

राजाच काढून टाकला की हे दुखणं आपोआप बरं होईल, असं मानणारेही पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियात ६ नोव्हेंबर १९९९ ला प्रजासत्ताकावर सार्वमत झालं आणि जवळपास ५५ टक्के लोकांनी नकार दिला. राणीवरचं प्रेम, असं त्याचं वर्णन होतं. पण प्रस्तावात काय होतं ते कोणी वाचत नाही. राष्ट्राध्यक्ष संसदेच्या दोनतृतीयांश मतांनी निवडायचा, आणि काढायचा मात्र पंतप्रधानाच्या एका सहीने, तत्काळ. नंतर ३० दिवसांत कनिष्ठ सभागृहाची मान्यता घ्यायची, आणि ती मिळाली नाही तरी काढलेला माणूस परत येणार नाही. म्हणजे १९७५ च्या शर्यतीत पंतप्रधानाला लंडनचा एक फोन तरी करावा लागला असता. नव्या रचनेत तोही वाचला. ज्या दोषाने कर यांना चोरासारखं वागायला लावलं तोच दोष प्रजासत्ताकाच्या नावाखाली पक्का झाला असता. मी तिथला मतदार असतो तर, राजेशाहीचं मला काडीचं अगत्य नसूनही, त्या मसुद्याला मत दिलं नसतं.

आपण तर राजा कधीच काढला. २६ जानेवारी १९५० पर्यंत भारतही राजाचं अधिराज्य होता आणि राजाजी हे त्याचे शेवटचे प्रतिनिधी. राष्ट्रपतींसाठी आपण महाभियोगाची तरतूद केली, म्हणजे शिखरावरचं पद पंतप्रधानाच्या मर्जीतून सोडवलं. राज्यपालांचं काय? संविधान सभेत आधी राज्यपाल थेट लोकांनी निवडावा असा विचार होता. मग एका राज्यात दोन निवडून आलेले पुरुष एकमेकांशी भांडत बसतील, म्हणून १९४९ मध्ये नेमणुकीची पद्धत आली. ते एक वेळ ठीक. पण कलम १५६ मध्ये ‘राष्ट्रपतीची मर्जी असेपर्यंत’ हे शब्द आले, आणि राष्ट्रपतीची मर्जी म्हणजे दिल्लीतल्या मंत्रिमंडळाची. २००४ मध्ये सरकार बदलताच गोव्यासह चार राज्यांचे राज्यपाल काढले गेले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केंद्रात सत्तांतर झालं एवढ्या कारणावर राज्यपाल काढता येणार नाही. त्यानंतर राजीनामे मागून घेण्याची रीत रूढ झाली.

फरक एवढाच की भीतीची दिशा बदलली. कर यांना ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याचीच भीती होती. आपल्या राज्यपालाला मुख्यमंत्र्याची भीती मुळीच नसते. ती दिल्लीची असते. म्हणून तिकडे दबा धरणं आणि इकडे इशाऱ्यावर हलणं. २३ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे ५:४७ ला उठली आणि लोकांचा चहा व्हायच्या आत राजभवनात शपथविधी झाला. त्या पहाटे घाई कसली होती याचं लेखी कारण राजभवनाने दिलं नाही. जून २०२२ मध्ये बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला म्हटलं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता, त्यामुळे पूर्वीची स्थिती आणता येणार नाही असंही म्हटलं. दोन्ही प्रसंगांत कोणता पक्ष बरोबर यावर वाद घालणारे घालोत. मला त्यात एक जुनीच खोड दिसते: आधी कृती, कारणं जमली तर नंतर, तीही न्यायालयाने विचारली तर.

मला हवी असलेली दुरुस्ती फार मोठी नाही. राजप्रतिनिधीची मुदत ठरलेली असावी आणि तिच्याआधी त्याला काढायचं तर सभागृहात कारणासह, मोठ्या बहुमताने ठराव व्हावा. त्याच्या बदल्यात त्याने राखीव अधिकार वापरण्याआधी पंतप्रधानाला लेखी इशारा द्यावा, तो सभापतींकडे पोचवावा आणि सभागृह भरत असेल तर त्याचा ठराव ऐकल्याशिवाय बरखास्तीच्या कागदाला हात लावू नये. यावर आक्षेप येतो की नोकरीची हमी मिळालेला राजप्रतिनिधी दुसरं सत्ताकेंद्र होईल. गुलाम मोहम्मद आठवले की हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. म्हणूनच हमी आणि बंधन एकत्रच हवं. नुसती हमी दिली तर मीही विरोधात उभा राहीन. दुसरा आक्षेप असा की इशारा मिळाल्यावर पंतप्रधान डाव साधेल. कोणता? काढायचा रस्ता बंद झाल्यावर त्याच्या हातात उरतं ते सभागृहात जाणं किंवा मतदारांकडे जाणं, आणि त्याला तिथेच तर न्यायचं असतं.

घटना बदलणं मात्र जवळपास कुठेच सोपं नाही. कॅनडात गव्हर्नर जनरलच्या पदाला हात लावायचा तर संसदेसह दहाही प्रांतांची संमती लागते. आपल्याकडे कलम १५६ ची दुरुस्ती विरोधात बसलेल्या प्रत्येक पक्षाला हवी असते आणि सत्तेवर आल्यावर विसरायला होते. ऑस्ट्रेलियाने निदान १९७७ मध्ये सार्वमत घेऊन सेनेटची रिकामी जागा त्याच पक्षाच्या माणसाने भरावी एवढं ठरवलं, कारण १९७५ चा पेच दोन राज्यांनी परके सेनेटर घुसवल्यामुळे चिघळला होता. खर्चाची विधेयकं अडवण्याची सेनेटची ताकद आणि गव्हर्नर जनरलची असुरक्षित नोकरी तशीच राहिली.

पण इशाऱ्याच्या भागाला घटनादुरुस्ती लागतच नाही. संकेत माणसांच्या वागण्यातून तयार होतात. यारालुमलात, ओटावाच्या रिडो हॉलमध्ये किंवा मलबार हिलवरच्या राज्यपालांच्या निवासस्थानी पुढचा जो कोणी येईल, त्याने शपथविधीच्या दिवशीच जाहीर करावं की मी कोणत्याही सरकारबाबत राखीव अधिकार वापरणार असेन तर आधी लेखी कळवीन, ते पत्र सभागृहासमोर ठेवायला सांगेन आणि कारणं त्याच दिवशी प्रसिद्ध करीन. त्यासाठी त्याला कोणाचीही परवानगी काढावी लागत नाही.